सुवाह्य हौशी संगणकासाठी अडॅप्टर बोर्डाची निर्मिती : तत्त्वे, टप्पे आणि शैक्षणिक उपयुक्तता

सारांश

सुवाह्य हौशी संगणकांतील मुख्य प्रक्रियक-मॉड्यूल बदलण्याजोगे असते. मात्र मॉड्यूलची नवी पिढी बाजारात आली की तिची जोडणी जुन्या यंत्राशी जुळतेच असे नाही. ही दरी भरून काढणारा बोर्ड म्हणजे अडॅप्टर बोर्ड होय. रास्पबेरी पाय कंप्युट मॉड्यूल ३ साठी घडवलेल्या खाचेत कंप्युट मॉड्यूल ४ बसवण्याचे उदाहरण घेऊन असा बोर्ड कसा आखावा, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे. अडॅप्टर म्हणजे एका टोकाच्या तारा दुसऱ्या टोकाला जोडणे एवढेच नव्हे. विद्युतदाब, कालक्रम आणि संकेतांची गती या तीन बाबतींत दोन्ही बाजूंचा मेळ घालणे हे त्याचे खरे कार्य आहे, असे येथे प्रतिपादन केले आहे.

बीजसंज्ञा : अडॅप्टर बोर्ड, कंप्युट मॉड्यूल, सुवाह्य संगणक, मुक्त आराखडे, दुरुस्तीयोग्यता

१. प्रस्तावना

संगणक जुना होतो म्हणजे नेमके काय होते? त्याचा पडदा शाबूत असतो, कळफलक चालतो, आवरण धडधाकट असते. मागे पडतो तो केवळ प्रक्रियक. तरीही व्यवहारात संपूर्ण यंत्र निकालात काढले जाते. प्रत्येक महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत अशा निकालात काढलेल्या यंत्रांचे एखादे कपाट असतेच. प्रक्रियक तेवढा बदलता आला, तर यंत्राचे आयुष्य वाढेल, ही कल्पना साधी आहे. ती प्रत्यक्षात उतरवताना काय करावे लागते, हे समजून घेण्यासाठी सुवाह्य हौशी संगणक हे उत्तम उदाहरण ठरते.

हौशी संगणक म्हणजे वापरणाऱ्याने स्वतः जुळवावा, उघडावा आणि त्यात बदल करावेत या हेतूने तयार केलेला संगणक. क्लॉकवर्कपाय या कंपनीने २०२० मध्ये जाहीर केलेला डेव्हटर्म आणि २०२२ मध्ये जाहीर केलेला यूकन्सोल ही या प्रकारची दोन ठळक उदाहरणे आहेत. डेव्हटर्मला ६.८ इंची रुंद पडदा आणि एक छोटा थर्मल प्रिंटर आहे, तर यूकन्सोलला ५ इंची पडदा आहे. दोन्ही यंत्रे सुट्या भागांच्या स्वरूपात मिळतात आणि त्यांच्या मंडलांच्या आकृत्या कंपनीने सर्वांसाठी खुल्या केल्या आहेत. त्यांचे वैशिष्ट्य असे की, मुख्य बोर्डावर प्रक्रियक कायमचा डाखलेला नसून एका खाचेत बसणाऱ्या स्वतंत्र मॉड्यूलवर असतो. डेव्हटर्मचा मुख्य बोर्ड कंप्युट मॉड्यूल ३ सामावून घेईल अशा रीतीने आखलेला आहे.

२. समस्येचे स्वरूप

रास्पबेरी पाय कंप्युट मॉड्यूलची पहिली आवृत्ती २०१४ मध्ये आली. लॅपटॉपमधील डीडीआर-२ स्मृतीपट्टीचा आकार तिने उसना घेतला होता. ६७.६ मिमी लांबीची पट्टी, तिच्या कडेला सोन्याचा मुलामा दिलेले २०० संपर्क आणि चुकीच्या दिशेने पट्टी बसू नये म्हणून ठेवलेली एक खाच, असे तिचे रूप होते. स्मृतीपट्टीचे कनेक्टर मोठ्या प्रमाणावर तयार होत असल्याने ते स्वस्त होते. आकार सारखा असला तरी विद्युतदृष्ट्या स्मृतीपट्टी आणि हे मॉड्यूल यांचा परस्परांशी काहीही संबंध नाही, हे ध्यानात ठेवावे लागते. २०१७ मधील कंप्युट मॉड्यूल ३ आणि २०१९ मधील ३+ या आवृत्त्यांनी हाच आकार कायम ठेवला.

ऑक्टोबर २०२० मध्ये आलेल्या कंप्युट मॉड्यूल ४ ने मात्र ही परंपरा मोडली. त्याचा आकार ५५ मिमी × ४० मिमी झाला आणि कडेच्या संपर्कांऐवजी खालच्या बाजूस प्रत्येकी १०० संपर्कांचे दोन सूक्ष्म कनेक्टर आले. बदलाचे कारण योग्यच होते. नव्या प्रक्रियकाचे वेगवान मार्ग जुन्या कडेच्या संपर्कांतून नेणे गैरसोयीचे होते. पण त्यामुळे जुन्या खाचेचे सर्व बोर्ड एका दिवसात मागील पिढीचे ठरले. जुन्या ग्राहकांची अडचण लक्षात घेऊन २०२२ मध्ये जुन्याच आकारात ४-एस ही आवृत्ती काढावी लागली, यावरून प्रश्नाचे गांभीर्य स्पष्ट होते.

यातच २०२१ ते २०२३ या काळात जगभर इलेक्ट्रॉनिक घटकांची तीव्र टंचाई निर्माण झाली आणि ही मॉड्यूले सहजासहजी मिळेनाशी झाली. ज्या यंत्रात एकच विशिष्ट मॉड्यूल बसते ते यंत्र अशा वेळी पुरवठादाराच्या हाती राहते. ज्याच्यासाठी अडॅप्टर बनवता येतो त्याच्या मालकापुढे मात्र पर्याय खुले असतात. अडॅप्टरचा प्रश्न त्यामुळे केवळ हौसेचा उरत नाही.

३. नामसाम्याचा सापळा

अडॅप्टर आखताना प्रथम दोन्ही बाजूंच्या संपर्कांची यादी करतात आणि सारख्या नावाचे संपर्क एकमेकांना जोडतात. ही पद्धत आवश्यक आहे, परंतु पुरेशी नाही. कारण नाव सारखे असले तरी त्यामागील अर्थ सारखाच असेल असे नाही. वीजपुरवठ्याच्या संपर्कांबाबत हा धोका सर्वाधिक असतो.

कंप्युट मॉड्यूल ३ ला मुख्य पुरवठ्याचा स्वतंत्र मार्ग आहे. त्यावर २.५ व्होल्टपासून ५ व्होल्टपर्यंत आणि त्याहून ५ टक्के अधिक इतका विद्युतदाब चालतो. एका लिथियम-आयन घटाचा दाब पूर्ण भारित असताना ४.२ व्होल्ट आणि रिता होत आला की सुमारे ३ व्होल्ट असतो. म्हणजेच हे मॉड्यूल थेट घटावरही चालू शकते. याखेरीज ३.३ व्होल्ट आणि १.८ व्होल्ट हे दाब त्याला यजमान बोर्डाने बाहेरून पुरवावे लागतात.

कंप्युट मॉड्यूल ४ ची व्यवस्था वेगळी आहे. त्याला बाहेरून फक्त ५ व्होल्ट लागतात, परंतु ते ४.७५ ते ५.२५ या मर्यादेतच असावे लागतात. ३.३ आणि १.८ व्होल्ट ते स्वतः निर्माण करते आणि इतर घटकांच्या वापरासाठी बाहेरही देते. म्हणजे जुन्या मॉड्यूलच्या बाबतीत ३.३ व्होल्टचा संपर्क हा आत येणारा होता. नव्याच्या बाबतीत तो बाहेर जाणारा आहे. नाव पाहून हे दोन संपर्क जोडले, तर यजमान बोर्डाचा नियामक आणि मॉड्यूलवरील नियामक हे दोघेही एकाच तारेवर आपापला दाब लादू पाहतात. त्यांतील सूक्ष्म फरकामुळे एकाकडून दुसऱ्याकडे प्रवाह वाहू लागतो, दोन्ही तापतात आणि त्यांपैकी एक निकामी होण्याची शक्यता असते. म्हणून हे संपर्क अडॅप्टरवर परस्परांपासून तोडलेलेच ठेवावेत.

४. वीजपुरवठ्याची आखणी

यजमान बोर्डाकडून खाचेत ५ व्होल्ट स्थिर स्वरूपात येतात की घटाचा चढउतार होणारा दाब येतो, हे मंडलाच्या आकृतीवरून निश्चित करावे. घटाचा दाब येत असेल, तर तो ५ व्होल्टपर्यंत चढवणारा बूस्ट कन्व्हर्टर अडॅप्टरवर बसवावा लागतो.

येथे एक साधे गणित उपयोगी पडते. मॉड्यूलला ५ व्होल्टवर जास्तीत जास्त १.५ अँपिअर द्यायचे असे ठरवल्यास शक्ती ७.५ वॅट होते. कन्व्हर्टरची कार्यक्षमता ९० टक्के मानली, तर घट ४.२ व्होल्टवर असताना त्यातून सुमारे २ अँपिअर ओढले जातात. घट ३ व्होल्टवर आला की हाच आकडा सुमारे २.८ अँपिअरवर जातो. घट जितका रिता, तितका त्याच्यावरील भार अधिक, ही गोष्ट प्रथमदर्शनी विपरीत वाटते; परंतु शक्ती कायम राखायची तर ती अटळ आहे. एवढा प्रवाह खाचेतील मोजक्या संपर्कांतून नेता येईल का, हे कनेक्टर-निर्मात्याच्या तक्त्यावरून तपासावे. नेता येत नसेल, तर घटाकडून स्वतंत्र जाड तार आणि तिच्या मार्गात फ्यूज घ्यावा.

बोर्डावरील तांब्याच्या रेषाही दुर्लक्षून चालत नाहीत. नेहमीच्या ३५ मायक्रॉन जाडीच्या तांब्याच्या चौरस तुकड्याचा रोध, त्याची बाजू कितीही असो, सुमारे ०.५ मिलिओहम असतो. ०.२५ मिमी रुंद आणि ५० मिमी लांब रेषेत असे २०० चौरस मावतात. म्हणजे तिचा रोध ०.१ ओहम झाला. त्यातून १.५ अँपिअर वाहताना ०.१५ व्होल्ट वाटेतच खर्ची पडतात. ५ वरून ४.७५ पर्यंत घसरण्याची मुभा केवळ ०.२५ व्होल्टची असताना तिचा निम्म्याहून अधिक भाग एका रेषेने खाल्ला. हीच रेषा २.५ मिमी रुंद केली, तर नुकसान दहापटीने घटते. मॉड्यूल मध्येच बंद पडून पुन्हा सुरू होते, या नेहमीच्या तक्रारीचे मूळ अनेकदा अशा अरुंद रेषेत असते.

कंप्युट मॉड्यूल ४ ला ५ व्होल्टसाठी सहा संपर्क दिलेले आहेत. या सूक्ष्म कनेक्टरच्या प्रत्येक संपर्काची क्षमता ०.३ अँपिअर आहे. सहा मिळून १.८ अँपिअर होतात. यांतील दोन-तीनच संपर्क जोडून भागवणे म्हणजे त्यांच्यावर क्षमतेबाहेर भार टाकणे होय. सर्व सहा संपर्क आणि जमिनीचे सर्व संपर्क जोडणे अनिवार्य समजावे.

५. कालक्रमाचा प्रश्न

दाब योग्य असून भागत नाही. ते योग्य क्रमाने यावे लागतात. कंप्युट मॉड्यूल ३ च्या बाबतीत सर्वाधिक दाब प्रथम आणि बाकीचे उतरत्या क्रमाने यावेत, असा दंडक आहे. यजमान बोर्ड त्यानुसार आखलेला असतो. कंप्युट मॉड्यूल ४ च्या बाबतीत ५ व्होल्टचा पुरवठा येण्यापूर्वी इतर कोणत्याही संपर्कावर दाब असू नये.

समजा, यजमान बोर्डावरील एखादा घटक ३.३ व्होल्टवर आधीच जागा झाला आणि त्याने आपला संकेत मॉड्यूलच्या संपर्कावर चढवला. मॉड्यूल अजून सुरू झालेले नाही. अशा वेळी संपर्कामागील संरक्षक डायोडमधून प्रवाह आत शिरतो आणि मॉड्यूलचा काही भाग अर्धवट जागृत होतो. परिणामी मॉड्यूल कधी सुरू होते, कधी होत नाही. क्वचित संपर्क कायमचा बिघडतो. यावर उपाय सोपा आहे. मॉड्यूल स्वतः निर्माण करत असलेला ३.३ व्होल्टचा दाब हाच ‘आता सर्वांनी सुरू व्हावे’ असा इशारा मानावा आणि त्याच्या आधारे यजमान बाजूच्या ३.३ व्होल्ट पुरवठ्याचा इलेक्ट्रॉनिक स्विच उघडावा. सामान्य आदान-प्रदान संपर्कांचा संदर्भ-दाब ठरवणारा संपर्कही मॉड्यूलच्याच ३.३ व्होल्टला जोडावा.

६. वेगवान संकेत

विद्युतदाब आणि कालक्रम यांनंतर प्रश्न उरतो तो गतीचा. पडदा, एचडीएमआय आणि यूएसबी यांचे संकेत जोडीने धावणाऱ्या दोन रेषांतून जातात. यूएसबी २.० ची गती सेकंदाला ४८ कोटी बिट इतकी असते. म्हणजे एका बिटाच्या वाट्याला जेमतेम २ नॅनोसेकंद येतात. अशा गतीने तांब्याची रेषा ही नुसती तार राहत नाही. तिची रुंदी, जोडीदार रेषेपासूनचे अंतर आणि खालच्या जमिनीच्या थरापासूनची उंची यांवरून तिची प्रतिबाधा ठरते. मार्गात ती बदलली की संकेताचा काही भाग प्रतिध्वनीसारखा मागे फिरतो. यूएसबीसाठी ही प्रतिबाधा ९० ओहम, तर पडदा आणि एचडीएमआय यांसाठी १०० ओहम राखावी लागते. जोडीतील दोन रेषांच्या लांबीतील फरक ०.१५ मिमीच्या आत ठेवावा, असे मॉड्यूलच्या तांत्रिक पुस्तिकेचे मार्गदर्शन आहे.

या कारणास्तव दोन थरांच्या स्वस्त बोर्डाऐवजी चार थरांचा बोर्ड घ्यावा. वरच्या थरात संकेत, दुसऱ्यात अखंड जमीन, तिसऱ्यात वीजपुरवठा आणि चौथ्यात उर्वरित संकेत, अशी रचना सोयीची ठरते. वेगवान रेषांच्या खाली जमिनीचा थर कोठेही तुटू देऊ नये.

७. संपर्कांची संख्या आणि सॉफ्टवेअरचा वाटा

कंप्युट मॉड्यूल ३ मध्ये सामान्य आदान-प्रदानासाठी ० ते ४५ अशा क्रमांकांचे संपर्क उपलब्ध होते; कंप्युट मॉड्यूल ४ मध्ये ते ० ते २७ असे २८ च आहेत. यजमान बोर्ड २८ किंवा त्यापुढील क्रमांकाचा संपर्क वापरत असेल, तर त्याला मोकळ्या असलेल्या खालच्या क्रमांकावर आणावे लागते. हा बदल तांब्याच्या रेषेने अर्धाच होतो. कोणता संपर्क कोणत्या कामाचा, हे कार्यप्रणालीला डिव्हाइस ट्री नावाच्या वर्णनातून कळते. त्यातही तोच बदल करावा लागतो. अडॅप्टर हा त्यामुळे एक बोर्ड आणि एक मजकूर अशा दोन भागांचा मिळून होतो. मजकुराशिवाय दिलेला बोर्ड अपुरा समजावा.

याचे एक बोलके उदाहरण यूएसबीचे आहे. वीज वाचावी म्हणून कंप्युट मॉड्यूल ४ वर यूएसबी मुळातच बंद ठेवलेले असते. संरचनेच्या फाइलमध्ये ते यजमान म्हणून सुरू करणारी ओळ घालावी लागते. अनेक सुवाह्य यंत्रांत कळफलक आतून यूएसबीनेच जोडलेला असतो. ती ओळ नसेल, तर कळफलक मृतवत् वाटतो आणि निष्कारण डाखकामावर संशय घेतला जातो.

८. प्रत्यक्ष निर्मिती आणि चाचणी

आराखड्यासाठी कायकॅड हे मुक्त सॉफ्टवेअर पुरेसे आहे. फ्रान्समधील ग्रेनोबल परिसरात अध्यापन करणारे झाँ-पिएर शारा यांनी १९९२ मध्ये ते सुरू केले आणि २०१३ पासून सर्न या संशोधन-संस्थेने त्याच्या विकासाला हातभार लावला. एका अध्यापकाच्या प्रयत्नातून उभे राहिलेले साधन म्हणूनही ते आपल्या वर्गात मांडण्याजोगे आहे.

बोर्डाची मागणी नोंदवताना तीन गोष्टी स्पष्ट लिहाव्यात. पहिली, जाडी. कारखाने सर्वसाधारणपणे १.६ मिमी जाडीचा बोर्ड देतात. खाचेत बसणारी पट्टी मात्र १ मिमी जाडीचीच लागते. दुसरी, कडेच्या संपर्कांवर सोन्याचा मुलामा. तिसरी, चार थरांमधील अंतरे, कारण प्रतिबाधेचे गणित त्यांवर अवलंबून असते. रोधक आणि संधारक मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या बुधवार पेठेत मिळतात. सूक्ष्म कनेक्टर मात्र निर्मात्याच्या नेमक्या क्रमांकानिशी मागवावा, कारण त्याच कुळात १.५ मिमी आणि ३ मिमी अशा भिन्न उंचीचे प्रकार आहेत. मॉड्यूलखाली बूस्ट कन्व्हर्टरचे घटक बसवायचे असतील, तर ही निवड निर्णायक ठरते. संपर्कांतील अंतर ०.४ मिमी असल्याने डाखकामासाठी भिंग, भरपूर फ्लक्स आणि संयम तिन्ही लागतात.

चाचणी पुढील क्रमाने करावी :

(१) बोर्ड कोठेही न जोडता मल्टिमीटरने प्रत्येक पुरवठा-रेषा आणि जमीन यांमध्ये थेट जोडणी झालेली नाही, याची खात्री करावी.

(२) मॉड्यूल न बसवता, घटाऐवजी प्रवाहमर्यादा लावता येणाऱ्या प्रयोगशाळेतील वीजपुरवठ्यावर बोर्ड सुरू करून ५ व्होल्ट मोजावेत.

(३) मॉड्यूलच्या जागी ५ ओहम, १० वॅटचा रोधक जोडावा. त्यातून १ अँपिअर वाहत असताना दाब ४.७५ व्होल्टच्या खाली जाता कामा नये.

(४) त्यानंतरच मॉड्यूल बसवून सिरियल मार्गावर सुरुवातीचे संदेश पाहावेत.

(५) यूएसबी, पडदा आणि ध्वनी ही कामे एकेक करून तपासावीत. घट सर्वांत शेवटी जोडावा.

लिथियम घट हा प्रवाहाला मर्यादा घालत नाही. सदोष बोर्डावर तो प्रथमच जोडला, तर बोर्ड जळण्यापासून आग लागण्यापर्यंत काहीही घडू शकते. हा क्रम म्हणूनच बदलू नये.

९. शैक्षणिक उपयुक्तता आणि मर्यादा

विद्यार्थ्याला ओहमचा नियम पाठ असतो, परंतु ०.२५ मिमीच्या रेषेने आपला संगणक बंद पाडला, हे मोजून पाहिल्यावर तो नियम त्याचा होतो. पदार्थविज्ञान, इलेक्ट्रॉनिक्स आणि संगणकशास्त्र हे तीन विभाग एका तळहाताएवढ्या बोर्डावर एकत्र येतात, म्हणून पदवीच्या अंतिम वर्षाच्या प्रकल्पासाठी हा विषय अत्यंत योग्य आहे. मूल्यमापन करताना बोर्ड चालला की नाही एवढेच पाहू नये. प्रत्येक संपर्क कोठे आणि का जोडला, याची टिपणे तपासावीत. पुढच्या तुकडीला उपयोग होतो तो या टिपणांचा.

मर्यादाही मान्य केल्या पाहिजेत. एखाद-दुसऱ्या यंत्रासाठी तयार अडॅप्टर मिळत असेल, तर तो विकत घेणे स्वस्त पडते. शिवाय ही सारी प्रक्रिया मंडलाची आकृती हाती असण्यावर अवलंबून आहे. आकृती गुप्त असेल तेथे कुशल अभियंताही अंदाजाने चाचपडतो. त्यामुळे महाविद्यालयाने प्रयोगशाळेसाठी यंत्र निवडताना किंमत आणि वेग यांसोबत त्याचे आराखडे खुले आहेत काय, हा प्रश्नही खरेदी-समितीपुढे ठेवावा.

१०. समारोप

नोव्हेंबर २०२४ मध्ये कंप्युट मॉड्यूल ५ आले. त्याने ४ चेच दोन कनेक्टर कायम ठेवले. मात्र जे संपर्क पूर्वी दोन-दोन मार्गिकांच्या कॅमेरा आणि पडद्यासाठी होते ते यूएसबी ३.० कडे गेले. म्हणजे नवे मॉड्यूल जुन्या अडॅप्टरवर बसते, पण ते संपर्क वापरलेले असतील तर पुन्हा आकृतीकडे वळावे लागते. बसते आणि जुळते यांतील हा फरक प्रत्येक पिढीत नव्याने तपासावा लागणार आहे. दाब, क्रम आणि गती हे तीन प्रश्न विचारण्याची सवय ज्या विद्यार्थ्याला लागली, त्याला पुढील पिढीचा अडॅप्टर आखणे अवघड जाणार नाही. आणि प्रयोगशाळेच्या कपाटातील काही यंत्रे तरी पुन्हा टेबलावर येतील.